अक्काची तुला

हदगावहून अक्का गेल्याची बातमी घेऊन आलेल्या गड्यानं सोबत कारणही आणलं होतं. खाणं सोडलं, वाळली आणि गेली म्हणे. महिना उलटला तरी भेटेल तो मला हेच ऐकवतो... माझी थोरली बहीण विषमज्वरानं गेली. त्याच तापानं तिच्या गल्लीतले तालीमबाज गडीही नेले, त्यांना कुणी उपाशी म्हटलं नाही.

अक्काचं सासर कापूसवाल्यांचं, खातंपितं. सुनेचं भरलेलं अंग ही त्या घरची अब्रू. भाऊजी मोठ्या दुखण्यातून उठले तेव्हापासून नवसाप्रमाणे दर साली माहूरला तिची गुळानं तुला व्हायची. गेल्या सालापेक्षा गूळ जास्त लागला की सासूबाई गावभर सांगत. इकडं अक्काला पाणी शेंदतानाही धाप लागे, डोकं ठणके. शेवटी मीच तिला नांदेडच्या दवाखान्यात नेलं. निजाम सरकारनं हैदराबादहून बदलून पाठवलेल्या डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधून यंत्रातला पारा चढवला, मग बराच वेळ मनगट धरून बसले. एवढ्या अंगाला रक्त पुरवायचं तर काळजाला बसल्याजागीही धावावं लागतं, म्हणून नाडी जलद आणि रक्ताचा दाबही वाढलेला, असं त्यांनी समजावलं. वजन उतरवलं नाही तर काळीज थकेल, हेही स्पष्ट सांगितलं.

तिनं उतरवलं. ताटातला लोण्याचा गोळा परत जाऊ लागला, पहाटे शेतापर्यंत चालणं सुरू झालं. सुनेला खायला घालत नाहीत असं लोक म्हणतील, म्हणून घरात रोज बोलणी बसत. ती ऐकून घेई आणि चालायला निघे. पुढच्या तुलेला मागच्या सालाइतका गूळ मांडला, तर अक्काचं पारडं वरच राहिलं. सासूबाईंनी झटकन पाण्यानं भरलेली घागर तिच्या मांडीवर ठेवली. सगळ्या भाऊबंदांसमोर अक्कानं ती उचलून खाली ठेवली.

"देवीला माझं वजन बोललंय, घागरीचं न्हाई," ती म्हणाली. "गूळ कमी करा."

करावा लागला. माझा ऊर अभिमानानं भरून आला. नंतर डॉक्टरांनी तपासलं तेव्हा नाडी संथ चालत होती, दाबही उतरला होता. पुढची वर्षं ती धाप न लागता जगली, आणि ती तिनं स्वतः मिळवली होती. वाळली म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं...

परवा सासूबाईंनी तिची पेटी उघडली. चोळ्या उसवून, सैल करून धाकट्या सुनेला द्याव्यात असा त्यांचा विचार. मी समोरच बसलो होतो. एकेक चोळी उलटी करून त्या शिवण चाचपत राहिल्या. अक्कानं साऱ्या चोळ्या हातानं आवळून शिवल्या होत्या आणि आतलं जास्तीचं कापड कातरून टाकलं होतं.