मढच्या अंगणातला हिरो

चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो, कारण दुसऱ्या कुणाकडून ऐकलंत तर तो वर मीठमसाला लावेल. मी माती खाल्ली ती मढला, आणि तीसुद्धा परक्याच्या अंगणात भर गर्दीत उभा राहून!

माझा जन्म मॉरिशसचा. पणजोबा कोकणातून गेलेले, म्हणून घरात मराठी. पण मुंबई म्हणजे मला परदेशच. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास पार्ल्याच्या एका कॉलेजात शिकायला आलो. तिकडे हिंदी सिनेमे बघून मोठा झालेला मी. मला वाटायचं, इथे वळणावळणावर शूटिंग चालू असेल. कसलं काय! कित्येक महिने गेले, साधा कॅमेरा दिसला नाही. वैताग नुसता.

बोरिवलीचा सुनील आणि घाटकोपरचा प्रकाश हे माझे मित्र. माझी रोजची भुणभुण ऐकून सुनील शेवटी म्हणाला, मढला चल, तिथे बंगल्याबंगल्यात शूटिंग असतं. आमच्या कॉलेजातला फ्रान्सिस मढचाच. त्याने रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं.

वर्सोव्याहून होडीने पलीकडे गेलो. नारळ, कोंबड्या, वाळत घातलेले बोंबील. चक्क खेडं! शूटिंगचा पत्ता नाही, आणि ऊन मी म्हणत होतं. हे दोघे सोडा प्यायला थांबले. मला म्हणाले, तू चर्चपाशी जाऊन उभा राहा, फ्रान्सिस न्यायला येईल. पण उभा राहील तो मी कसला?

चर्चच्या मागे एक कौलारू घर होतं. अंगणात मांडव. शिडीवर चढून एक माणूस मोठे दिवे लावत होता आणि खाली ही गर्दी. मधोमध दोन म्हातारे. एक रडतोय, दुसरा हातात बॅग घेऊन गरजतोय, "आजपासून तुझा भाऊ मेला!" मागे एक मुलगी हुंदके देतेय.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

कॅमेरा नव्हता, हे खरं. पण लपवला असेल झाडामागे, अशी मी स्वतःची समजूत घातली. शेजारच्या बाईंना हळूच विचारलं, हिरो कधी येणार? त्या म्हणाल्या, तो परवा येईल, लग्नाला. म्हणजे क्लायमॅक्स परवा! झालं, मी टाळ्याच वाजवल्या.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, सीन संपला. पुढे होऊन रडणाऱ्यांना म्हणालो, "काका, झकास! फक्त रडताना मान जरा वर ठेवा, मागच्यांना दिसत नाही." मग बॅगवाल्यांकडे वळलो. "तुम्ही मात्र थोडं ओव्हर करताय."

त्यांनी बॅग खाली ठेवली.

"पास्कल, कोन हा?"

"मला काय ठावं? तुझ्याकडचा असंल."

"मी असली मानसं बाळगतो?"

इतका वेळ भांडणारे दोघे आता एकमेकांशी नीट बोलायला लागले होते, आणि विषय मी होतो. एकाने माझा डावा दंड धरला, दुसऱ्याने उजवा. तेवढ्यात मला शोधत फ्रान्सिस आला, मागे सुनील आणि प्रकाश.

"डॅडी, सोड त्याला," फ्रान्सिस म्हणाला. "हाच तो मॉरिशसवाला."

रडणारे त्याचे वडील, बॅगवाले त्याचे काका. परवा फ्रान्सिसच्या बहिणीचं लग्न, आणि बँड आपल्याला न विचारता ठरवला म्हणून काका निघाले होते. मी मांडवाचा खांब धरून उभा. सुनील आणि प्रकाश हसून हसून जमिनीवर बसले. मित्र म्हणे!

काकांची बॅग कुणीतरी गुपचूप आत नेली. राहा म्हणून त्यांना कुणी विनवलं नाही, तशी गरजच उरली नव्हती. मला झापायला ते जेवणाला थांबणारच होते. मला दोघा भावांच्या मध्ये बसवलं.

फ्रान्सिसच्या आईला माझी दया आली. सुरमईची तुकडी वाढत तिने विचारलं, एवढ्या लांबून आलास बाबा, शिकतोस तरी काय?

खोटं बोलावंसं फार वाटलं, पण समोर फ्रान्सिस बसला होता.

"मानसशास्त्र," मी ताटात बघत म्हणालो.

काकांनी विचारलं, ते काय असतं? मी तोंड उघडायच्या आत सुनीलने सांगून टाकलं.

"समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं शास्त्र, काका. हा त्यात वर्गात पहिला येतो."