नोझल बघायला निघालेले अप्पा

तर्जनी वर करून अप्पा म्हणत, "थांबा. ऐका." समोरचा माणूस मुख्याध्यापक असो की मामलेदार, त्याला वाक्य अर्धवट सोडून गप्प बसावे लागे. रस्त्यावरून एखादे वाहन जात असे. अप्पा मान तिरकी करून ते ऐकत. वाहन वळणाआड गेले की निकाल देत, "तिसरा सिलिंडर खोकायलाय," आणि मग म्हणत, "हां, काय मनत होता तुम्ही?" तोवर आपण काय म्हणत होतो, हे आपणच विसरलेले असू.

लातूरच्या औसा रोडवर त्या काळी ज्यांनी डिझेल इंजिनाचे काम करून घेतले असेल, त्यांना ही तर्जनी आठवेल. अप्पांचे दुकान पत्र्याचे होते. मी त्याच्या मागच्या गल्लीत राहत असे आणि हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. रविवारी मी अप्पांकडे जाऊन बसे, कारण सावली आणि वाद या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळण्याची सोय आमच्या भागात दुसरीकडे नव्हती.

ही सवय त्यांना प्रसंग पाहून आवरता येत नसे. आमच्या गल्लीतले एक अडत व्यापारी वारले. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून, फुलांनी सजवलेल्या ट्रॅक्टरवरून नेत होते. पुढे भजन चालले होते. अप्पांनी तर्जनी वर केली. त्यांना काही आध्यात्मिक सुचले असावे, असे वाटून भजनकरी थांबले. अप्पा म्हणाले, "नोझल गळायलंय. मसनवट्यापर्यंत जात न्हाई हे." मयताच्या मुलाने त्यांच्याकडे कसे पाहिले, ते सांगत नाही. पुढच्या चढावर ट्रॅक्टर बंद पडला आणि उरलेली वाट मयत खांद्यावरून न्यावे लागले. अप्पा पहिल्या खांद्याला होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते अशा वेळी दिसू नये अशा प्रकारचे होते.

लातूरचा नुकताच जिल्हा झाला होता. तोवर साहेब उस्मानाबादला बसत आणि एका सहीसाठी आमचा दिवस जाई. आता साहेब गावात आले आणि त्याच सुमारास पाणी गावातून गेले. नळ कोरडे होते, कार्यालयांच्या पाट्यांचा रंग मात्र ओला होता. नव्या जिल्ह्यानिमित्त एक मोठी सभा झाली. पुढारी बोलत होते, मंडपामागे जनरेटर चालू होते. अप्पा उठून मागे गेले आणि त्यांनी ते बंद केले. कर्णे मुके झाले. पुढारी तसेच बोलत राहिले आणि लोकांनीही टाळ्या अगदी वेळच्या वेळी वाजवल्या. शिपायाने अप्पांना विचारले, "कोणाला इचारून बंद केलं?"

"जळालं असतं ते," अप्पा म्हणाले. "आता जिल्हा हाव आपण. जिल्ह्याचं जनरेटर जळणं बरं दिसतं का?"

येथे थोडा वेळ शाळा भरवावी लागेल. ती लवकर सुटेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. हा फवारा सोडणाऱ्या भागाला इंजेक्टर म्हणतात. त्याच्या टोकाशी अतिशय बारीक भोकांचे नोझल असते आणि आमच्याकडचे कारागीर त्या सगळ्यालाच नोझल म्हणून मोकळे होतात. फवारा धुक्यासारखा हवा. त्याऐवजी थेंब गळू लागले, तर काळा धूर होतो, इंजिन खोकते आणि शेवटी खालचा पिस्टन जळतो. सहा सिलिंडर असतील तर सहाही फवारे सारखे हवेत. एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे समजेल.

त्या दुष्काळात दक्षिणेकडून बोअर मारणाऱ्या गाड्या आल्या होत्या. त्यांचा नंबर लागायला महिने जात. तेव्हा आमच्या दोन व्यापाऱ्यांनी तशी एक जुनी गाडी विकत घेतली. तिच्यावर सगळे होते. कॉम्प्रेसर फिरवणारे इंजिन तेवढे नव्हते. ते उभे करण्याचे काम अप्पांनी अंगावर घेतले. मजुरीबद्दल ते बोललेच नाहीत. अट एकच घातली: पहिले बोअर रेणापूरकडच्या एका गावात, त्यांच्या मुलीच्या सासरी मारायचे. व्यापाऱ्यांना वाटले, बापाची माया. ती होतीच. पण त्यामागे आणखी काही होते, ते मला पुढे कळले.

अप्पांनी भंगारातले ट्रकचे इंजिन आणले, त्याचे सिलिंडर कातून रुंद केले आणि मोठे पिस्टन घातले. आता जुनी नोझले अपुरी पडत होती. "पोट वाढलं, तोंड तेवढंच राहिलं," ते म्हणाले. फार मोठ्या भोकांची घेतली, तर डिझेल वाया जाणार आणि धूर होणार. त्यांना हवी होती नेहमीपेक्षा एकच पायरी मोठी, आणि सहाही एका जातीची. लातूरच्या दुकानांत ती नव्हती. "जिल्हा झालो, पण नोझल मिळंना," असे म्हणत त्यांनी पिशवी भरली. उन्हाळ्याची सुटी होती. मीही त्यांच्याबरोबर नांदेडला गेलो.

नांदेडला ट्रकचे जुने भाग विकणारे एक चाचा होते. अप्पांना पाहताच त्यांनी गिऱ्हाईक बाजूला सारले आणि विचारले, "आव अप्पा. लडकी देखने आए क्या?"

"हाव," अप्पा म्हणाले. "सहा बहिणी पायजेत. एका घरच्या."

अप्पांची नोझल पारखण्याची पद्धत हीच होती. तिला ते 'बघणं' म्हणत आणि ते अगदी मुलगी बघण्याच्या रीतीने चाले. आधी घराणे विचारायचे: कोणत्या गाडीतून निघाले, ती गाडी काय वाहत होती, मालक कसा होता. मग नोझल हाताने दाबायच्या पंपावर बसवायचे. "बसवा. आता बोल मनावं." दांडा दाबला की चांगले नोझल कुईकुई असा बारीक आवाज करते आणि धुके सोडते. मी ते धुके पाहायला हात पुढे केला, तेव्हा अप्पांनी माझ्या मनगटावर चापट मारली. "सर, कातडं फोडून आत जातंय ते. मास्तरकी खडूवर चालती, पण बोट लागतंयच की." ही सूचना मी नंतर कित्येक वर्षे वर्गात दिली, चापटीचा उल्लेख गाळून.

पाच नोझले गोड बोलली. सहावे बोलले, पण दांडा सोडल्यावर त्याच्या टोकाशी एक थेंब जमला.

"पाच अच्छी हइ अप्पा," चाचा म्हणाले. "छठी जरा रोती. ससुराल जाको चुप हो जाती."

"रडकं न्हाई चालत."

"तो पांच ले जाव."

"पाच घेऊन काय करू? सहावं दुसऱ्या घरचं आणलं की रोज भांडण."

"इत्ता बारीक तो तुम खुद की बेटी का रिश्ता भी नइ देखे होंगे," चाचा हसत म्हणाले.

अप्पांनी हात पुसले, पिशवी उचलली आणि ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. मला हा हट्ट वाटला आणि परतीच्या बसमध्ये मी तसे बोललोही. अप्पा खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. शेते उघडी होती.

"चाचा खरं बोलला," ते म्हणाले. "पोरीचं जमलं तवा आम्ही तिचं घर बघायला गेलो. मळ्यात नेलं मला. विहिरीवर इंजिन होतं. चालू केलं त्यांनी. काय इंजिन हो सर, ठोका इकडचा तिकडं न्हाई. मी मनलं, ज्या घरात इंजिन इतकं नीट ठेवतेत, तिथं पोर नीटच ठेवतील. तिथंच सुपारी फोडली."

"मग?"

"विहिरीत वाकून बघितलं न्हाई."

बसने एक थांबा घेतला.

"इंजिन अजून नवं हाय," अप्पा म्हणाले. "पाणीच न्हाई, तर झिजंल कशानं? पोर दोन गावं वलांडून पाणी आणायलीय. माणसं चांगली हायत, त्येंचा काय दोष न्हाई. पण दोन पंचमीला माहेरी आली न्हाई ती. निरोप धाडला की मनती, मी आले तर पाणी कोण भरंल. आता सर, तुम्ही शिकलेले माणसं, मला सांगा, हे पाण्यामुळं मनती का रागानं?"

विज्ञानात या प्रश्नाला रीत नाही. मी म्हणालो, "बोअर लागलं की कळेल."

"मनून तर रडकं नोझल नको," अप्पा म्हणाले आणि पुन्हा बाहेर पाहू लागले.

नोझले शेवटी दारातच सापडली. एके सकाळी आम्ही दुकानात वाद घालत असताना अप्पांची तर्जनी वर गेली. औसा रोडने कडब्याचा ट्रक येत होता, काळाकुट्ट धूर सोडत. अप्पा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. चालकाने करकचून ब्रेक दाबला आणि अप्पांच्या घराण्याबद्दल काही विधाने केली. ती संपेपर्यंत अप्पा शांत उभे होते.

"मोठे नोझल घातलेत का ह्यात?" त्यांनी विचारले.

"मालकानं घातलेत. ओढ वाढावी मनून. तुला काय करायचंय?"

"मला दे. मी तुला बरोब्बर मापाचे देतो. सहाच्या सहा."

चालक खाली उतरला आणि माझ्याकडे वळला. "हे तुमचे कोण? डोक्यानं बरे हायत का?"

"या विषयात बरे आहेत," मी म्हणालो.

ज्या भोकांनी त्या ट्रकचा घसा काळा होत होता, ती आमच्या वाढलेल्या पोटाला बेताची होती. सहाही एका घरची होती. अप्पांनी एकेक पंपावर बसवले, एकेकाला बोलायला लावले, आणि दुपार कलण्याआधी ट्रक आमच्या इंजिनातली जुनी सहा नोझले घेऊन स्वच्छ धूर सोडत गेला. चालकाने वळणावर थांबून मागे पाहिले. आपण नेमके कशात फसलो, हे त्याला अजून उमगलेले नसावे.

अप्पा आता नाहीत. औसा रोडवर त्यांच्या दुकानाच्या जागी चपला-बूट मिळतात. त्यांची आठवण निघाली की लोक ट्रॅक्टरची आणि जनरेटरची गोष्ट सांगतात, आणि मीही हसतो. पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो त्यांच्या मुलीचा मळा.

इंजिन अप्रतिम चालले. सगळे गाव कानात बोटे घालून उभे होते. अप्पा इंजिनाकडे पाठ करून, जमिनीतल्या त्या भोकासमोर उकिडवे बसले होते. भोकातून पांढरा फुफाटा उडत होता आणि त्यांचे धोतर, मिशा, भुवया पांढऱ्या करत होता. मुलगी सकाळपासून सगळ्यांना चहा देत होती. तो तिने डोक्यावरून आणलेल्या पाण्याचाच होता. बापाला तिने कप दिला, पण ती बोलली नाही. गाडीवाल्यांनी लोखंडी दांड्याला दांडा जोडला, मग आणखी एक. व्यापाऱ्यांपैकी एक जण जवळ येऊन म्हणाला, "अप्पा, दुसरीकडं बघायचं का?" अप्पांनी ऐकले नसल्यासारखे केले.

मग फुफाटा करडा झाला. मग त्याचा चिखल झाला आणि तो अप्पांच्या तोंडावर उडाला. पाठोपाठ पाणी आले, गढूळ आणि जोरात.

लोक नाचले, नारळ फुटला, त्याचे वर्णन मी करत नाही. गाडीवाल्याने इंजिन बंद केले. मुलीने तांब्या भरून घेतला, गाळ खाली बसू दिला आणि बापापुढे धरला.

"प्या."

अप्पा प्याले. "गोड हाय," ते म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय पाण्यातलं," असे म्हणत तिने तांब्या त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः घोटभर प्यायली. मग आणखी एक घोट. तोंड पुसत ती म्हणाली, "हाव, गोड हाय. मायला सांगा, पंचमीला येते मी." आणि घागरी आणायला घराकडे गेली.

अप्पा माझ्याकडे वळले. चिखलात फक्त डोळे दिसत होते.

"काय मनली ती, सर? इंजिनात ऐकू आलं न्हाई."

इंजिन केव्हाच बंद झाले होते. मी तिचे वाक्य पुन्हा सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारले.