चाकावरची चिठ्ठी

आमच्या विद्यापीठाच्या सायकल क्लबातल्या मुलींनी त्या वर्षी आंतरविद्यापीठ करंडक मारला, तेव्हा ज्याने त्याने आमच्या पायांचं कौतुक केलं. करा ना, कोण नको म्हणतंय! पण ग्रंथालयाच्या तळघरात फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवणाऱ्या बाईंचा विषय कुणी काढलाच नाही. मला त्याचा अजून राग येतो.

त्या बाई म्हणजे मावशी. सख्खी भाची एकच, ती आमच्या आधी क्लबात होती. पण तिचं ऐकून सगळेच त्यांना मावशी म्हणायला लागले. शर्यतीच्या सायकलला टायर आणि ट्यूब वेगळी नसते. एकच शिवलेली नळी असते आणि ती सोल्युशन लावून रिमवर चिकटवतात. भाचीचं टायर ऐन वळणावर रिम सोडून निसटलं आणि पोरगी खांद्याचं हाड मोडून घरी आली. दुसऱ्या दिवशी मावशी ते चाक घेऊन क्लबच्या खोलीत हजर.

"हे कुणी चिकटवलंय? थुंकी लावली होती का?"

सगळे एकमेकांच्या मागे सरकले.

"उद्यापासून चाकं माझ्याकडे."

तीस वर्षं डिंकात हात असलेल्या बाईंशी कोण हुज्जत घालणार?

तेव्हापासून तळघरातल्या त्या खोलीत एका भिंतीला शिकंज्यात, म्हणजे चाक फिरवून आवळायच्या दाबयंत्रात, ठेवलेली पुस्तकं आणि दुसऱ्या भिंतीला खुंट्यांवर आमची चाकं, असा थाट होता. मावशी रिम पुसायच्या, सोल्युशनचा पातळ हात द्यायच्या, वाळू द्यायच्या, मग दुसरा हात, मग तिसरा. कुणी घाई केली की म्हणायच्या, "जाड थापलं की वरून वाळतं, आत ओलंच राहतं. बोटाला कळत नाही, वळणावर कळतं." टायर बसवलं की पुस्तकातून उरलेल्या कागदाची एक पट्टी रिमवर चिकटवायच्या. तिच्यावर पेन्सिलीने मुंगीएवढ्या अक्षरात कोणत्या दिवशी, किती वाजल्यानंतर चाक वापरायचं ते लिहिलेलं असे. ती चिठ्ठी ओल्या फडक्याने काढायचा मान फक्त त्यांचा. आमची कॅप्टन शिक्षकांनासुद्धा उलट उत्तर द्यायची, पण चिठ्ठीला हात लावायची तिची छाती नव्हती.

माझी होती. अक्कल गहाण टाकली होती ना मी!

शेवटच्या शर्यतीआधी करंडकासाठी आमची आणि समोरच्या विद्यापीठाची बरोबरी होती. कॅप्टन पहिल्या तिघींत येणार हे धरून चाललो होतो. मी पहिल्या सहांत आले तर करंडक आमचा, नाहीतर त्यांचा. चार वर्षं मी क्लबात घासली होती आणि ही माझी शेवटची शर्यत होती.

आदल्या दिवशी दुपारी विद्यापीठाच्या मासिकाचा फोटोवाला आला. मावशी वर पुस्तकं पोचवायला गेल्या होत्या. माझ्या सायकलची मागची दोन चाकं, एक वापरायचं आणि एक जादाचं, खुंटीवर होती. एक तीन दिवसांपूर्वी चिकटवलेलं, दुसरं त्याच दिवशी सकाळी. दोन्ही हातांत धरून फोटो काढायचा होता आणि त्या कळकट चिठ्ठ्या मला डोळ्यांत खुपायला लागल्या. म्हटलं, काढू, मग लावू. काढल्या. फोटोवाल्याने इकडे उभी राहा, तिकडे उभी राहा केलं, चाकं या हातातून त्या हातात गेली आणि फोटो झाल्यावर मी चिठ्ठ्या अंदाजाने लावून मोकळी झाले.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मावशी आपल्या सायकलवरून मैदानात आल्या. ती सायकल क्लबानेच कधीकाळी बाद केलेली. त्यांनी माझ्या चाकावरची चिठ्ठी फडक्याने ओली केली आणि थांबल्या.

"ही मी लावलेली नाही. माझी पट्टी सरळ असते."

मी खोटं बोलले असते. तोंडाशी आलंच होतं. पण त्या नुसत्या बघत राहिल्या आणि मी सगळं ओकले. वर छातीठोकपणे सांगितलं, "पण मावशी, हेच ते जुनं. मला पक्कं आठवतंय."

त्यांनी जादाचं चाकही मागवून घेतलं आणि दोन्ही टायरं अंगठ्याने रेटून पाहिली. दोन्ही घट्ट. नकारार्थी मान हलवली. मग आपली सायकल उलटी केली, पाना काढला आणि स्वतःचं मागचं चाक सोडवायला लागल्या. जाडजूड टायरचं, चिखलाने माखलेलं, माझ्या चाकाच्या दुप्पट वजनाचं.

"मावशी, या धोंड्यावर मी सहावी कशी येणार?"

"नको येऊस."

"माझी शेवटची शर्यत आहे हो! सगळ्या वर्षाचा प्रश्न आहे!"

"माझ्या भाचीची पण शेवटचीच ठरली," त्या म्हणाल्या. "बसवतेस की मी बसवू?"

मी रडत, मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत ते चाक बसवलं.

चढावर माझा जीव गळ्याशी आला. दहावी, अकरावी, बारावी अशी मागे पडत गेले. मग उतार लागला, लांबलचक, खाली काटकोनात वळण. आता गमवायला काय राहिलं होतं? ब्रेकला हात न लावता सोडली सायकल. वळणावर पार आडवी झाले. ते बोजड चाक रस्ता धरून राहिलं. तिथेच मी पाच जणी मागे टाकल्या आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर आणखी एक. सहावी. कॅप्टन दुसरी. एका गुणाने करंडक आमचा.

पोरींनी मला उचललं, मिठ्या मारल्या. माझा मात्र राग उतरला नव्हता. उगाच घाबरवलं, नाहीतर तिसरी आले असते. मी तशीच तणतणत मावशींकडे गेले. सकाळी मी छातीठोकपणे जुनं म्हणून सांगितलेलं चाक तिथे गवतावर पडलं होतं. त्यातली हवा सोडली आणि म्हटलं, "हे बघा किती घट्ट आहे ते!" आणि टायर ओढलं.

ते सालीसारखं सोलून हातात आलं. आत सोल्युशन ओलं, बोटांना तार धरणारं.

मला ते वळण आठवलं. मी मटकन खाली बसले. मावशी शेजारी बसल्या, माझ्या बोटांना लागलेलं सोल्युशन फडक्याने पुसत राहिल्या. त्यांनी ना कॅप्टनला सांगितलं, ना कुणाला. मी आज सांगतेय, तेव्हाच कळतंय.

दोन दिवसांनी मी तळघरात गेले. माझी शर्यत संपली होती, पण ते टायर मला चिकटवायचं होतं. पातळ हात, दुसरा हात, तिसरा हात. मावशी शिकंज्याचं चाक फिरवत होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. टायर बसवल्यावर त्यांनी कागदाची पट्टी आणि पेन्सिल पुढे सरकवली. त्यांच्या आयुष्यात त्यांनी ती पेन्सिल कुणाला दिली नव्हती. मी दिवस लिहिला, वेळ लिहिली.

त्यांनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचली.

"अक्षर घाणेरडं आहे," त्या म्हणाल्या आणि दुसरी पट्टी कापून दिली. "पुन्हा लिही. हे चाक घेऊन कुणाची तरी पोर वळणावर जाणार आहे."