विहीणबाईंनी खोडलेले शब्द

माणसाला घाबरवून सोडण्यात माझ्या भावाच्या सासूबाईंचा हात धरणारं कुणी अख्ख्या पालघर जिल्ह्यात नाही, आणि हद्दीपलीकडे गुजरातेतही असेल असं वाटत नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगून कुणीही घाबरवेल. या बाई खरं सांगून घाबरवतात. त्या डॉक्टर आहेत. निम्मं आयुष्य मुंबईत संशोधनात गेलं, विचित्र जंतू आणि नव्या लशी हा विषय. बाई निवृत्त होऊन डहाणूला आल्या, विषय काही निवृत्त झाला नाही. लोक भेटल्यावर नमस्कार करतात, या समोरच्याचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघतात. बाजारात पापलेट घ्यायला जातात आणि पापलेट राहतं बाजूला. "हे बोट कधीपासून सुजलंय? काटा लागला होता? ताप येतो?" कोळीण म्हणते, "बाई, म्हावरा घ्या. बोट विकायला नाय ठेवलं." विहिणीचा मान म्हणून आमची आई त्यांना बाहेर पंख्याखाली बसवते, तरी त्या ओट्याशी येतात आणि कोलंबी सोलताना हात चिरला तर खाऱ्या पाण्यातले कोणते जंतू बघता बघता हात कापायची वेळ आणू शकतात, ते अगदी मऊ आवाजात सांगतात. त्या गेल्यावर आई म्हणते, "बाई गुणाची आहे गं, पण घास उतरत नाही."

दादाच्या साखरपुड्याची गोष्ट तर आमच्याकडे अजून चघळली जाते. त्याच्या अंगठीच्या बोटावर एक गाठ होती, बरेच महिने बरी न होणारी. सगळे तिला चामखीळ म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. औक्षण करता करता बाईंनी तबक खाली ठेवलं आणि त्याचं बोट पकडलं. "जावईबापू, घरात मासे पाळलेत?" पाळले होते, काचेच्या टाकीत. "टाकी उघड्या हातानं धुता?" धूत होता. बाई सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "ही चामखीळ नाही. क्षयाच्या जंतूंचा एक भाऊबंद माशांच्या पाण्यात राहतो. माणसाकडून माणसाला होत नाही, घाबरू नका." आमच्या आत्यानं त्यातलं 'क्षय' तेवढं ऐकलं आणि पोरांना घेऊन भिंतीला टेकली. अंगठी दुसऱ्या हातात गेली, गाठीचा तुकडा तपासायला मुंबईला गेला, आणि बाईंचं खरं निघालं. लग्नातसुद्धा दादा गोळ्या घेत होता. वहिनी अजून म्हणते, "आईनं आधी माझा नवरा तपासला, मग पसंत केला."

माझं त्यांच्याशी वाजलं ते पत्रकावरून. मी एका छोट्या संस्थेत आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर फिरून गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचा प्रचार करते. ज्या कर्करोगाचा धोका मुलीच्या वयातच सुईनं इतका कमी करता येतो, त्या कर्करोगानं बायका मरतात, कारण कुणीतरी मोबाइलवर सोडून देतं की लशीनं पोरी वांझ होतात. हे वाचून ज्याला राग येत नाही त्याच्याशी मला बोलायचं नाही. म्हणून मी लिहिलं: 'लस पूर्णपणे सुरक्षित. कोणताही त्रास नाही.' बाईंनी पेन काढून दोन्ही वाक्यं खोडली.

"मावशी, पाठिंबा कुणाला आहे तुमचा?"

"पूर्णपणे सुरक्षित तर तू बसलीयेस तो सोफाही नाही. लिही: हात दुखेल, ताप येईल, एखादी चक्कर येऊन पडेल. फार म्हणजे फारच क्वचित अंगावर पित्त उठून श्वास अडकू शकतो, त्यावर औषध आहे, म्हणून अर्धा तास तिथंच बसायचं. आणि लस घेतली तरी पुढे तपासणी करायचीच."

"हे वाचून कोण येईल?"

"थोड्या येतील. पण जिला चक्कर येईल तिची आई तुला खोटी म्हणणार नाही."

मी चिडले, पण त्या म्हणाल्या तसंच छापलं. बाईंची धाकटी बहीण याच रोगानं गेली, तपासणी कधी झालीच नाही. त्यामुळे त्यांच्यासमोर माझ्या घोषणांना फार जोर येत नसे. त्या गेलेल्या बहिणीच्या, म्हणजे स्वतःच्या मावशीच्या, मांडीवर वहिनी वाढली. तिला रोगाची भीती होती आणि लशीचीही, आणि दोन्हींचा फैसला तिच्या लेकीवर, चिऊवर व्हायचा होता. दादा तलासरीत शिक्षक, चिऊ तिथल्याच शाळेत. शाळेत शिबिर ठरलं तेव्हा वहिनी कशीबशी तयार झाली, तीही तिची आई, म्हणजे बाई, समोर बसणार असतील तर.

आजीची नात म्हणून चिऊ पुढे उभी राहिली. लस घेऊन उठली, दोन पावलं चालली आणि सरळ खाली कोसळली. डोळे पांढरे, हातपाय झटकायला लागली. मी इतकी वर्षं भाषणं करते, पण तेव्हा पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून नुसती उभी राहिले. बाकं सरकल्याचा आवाज आला. बायका उठून मुलींना ओढत दाराकडे निघाल्या. नर्सनं श्वास अडकला तर द्यायचं इंजेक्शन भरून हातात धरलं होतं. वहिनी ओरडली नाही, ती फार हळू म्हणाली, "आई, तुझ्या संशोधनाला माझीच पोर मिळाली का?"

बाई जमिनीवर बसल्या. चिऊचे पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले, नाडी धरली, गळ्यावर, पोटावर पुरळ आलंय का बघितलं, कान तिच्या तोंडाशी नेला. आणि तेव्हा मला त्यांची बोटं दिसली. नाडी बघायला लागतं त्याच्या कितीतरी जास्त जोरानं ती चिऊच्या मनगटावर आवळली होती. अख्ख्या जिल्ह्याला घाबरवणारी बाई घाबरली होती, आणि आमच्यासारखी मोघम नाही. नेमकं काय काय होऊ शकतं ते त्या वर्गात सगळ्यात जास्त त्यांनाच ठाऊक होतं. ती चक्कर होती की ते दुसरं, फार क्वचित होणारं, हे कळेपर्यंतचा वेळ मला आयुष्यभर पुरेल.

चिऊनं डोळे उघडले. "आजी, हात सोड ना. दुखतोय."

"चक्कर आहे," बाई नर्सला म्हणाल्या, "ते राहू द्या. पाणी आणा." मग दाराकडे बघून, मोठ्यानं, "बाकी कुणाला भीती वाटत असेल त्यांनी आडवं पडून लस घ्यावी."

मी पत्रक वर धरलं. चक्कर येऊ शकते, लिहिलंय. दारातली एक बाई म्हणाली, "लिवलंय खरं, ताई. पन लिवलेलं येगळं नि बघितलेलं येगळं." ती मुलीला घेऊन गेली. काहीजणी थांबल्या, आडवं पडून लस घेतलेल्या मुली चटईवर ओळीनं पडल्या होत्या. वहिनी चिऊला रिक्षात घालून घरी गेली. आईकडे तिनं वळूनही बघितलं नाही.

लस दिलेल्या प्रत्येकीची पुढे काही दिवस विचारपूस करायची, ही बाईंची पद्धत. चिऊलाही सूट नव्हती. रोज संध्याकाळी दादाकडे फोन वाजायचा. वहिनी घ्यायची नाही. चिऊ स्पीकर लावून मोठ्यानं उत्तरं द्यायची. हात कसा आहे? बराय. ताप? नाही. चक्कर? नाही, आजी, गणिताच्या तासाला येते तेवढीच. एकदा मी तिथं होते. सगळे प्रश्न संपले तरी फोन चालूच होता. मग बाई चाचरत म्हणाल्या, "आणि... आई जेवते ना तुझी नीट?"

चिऊनं स्वयंपाकघराकडे बघितलं. वहिनी भाकरी थापत होती. थापणं थांबलं.

"आजी विचारतेय," चिऊ म्हणाली.

वहिनीनं पिठाचे हात तसेच ठेवले आणि पाठमोरीच म्हणाली, "तिला विचार, तिनं गिळलं का काही."