पितराच्या पाटावर

माझा स्वभाव मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकते. माझी मैत्रीण जिवंत होती तेव्हा ती दुसऱ्या कुणाशी हसून बोलली तरी माझ्या पोटात दुखायचं. कार्तिकात ती डेंग्यूने गेली. खूप रडले, आणि रडता रडता वाटलं, आता निदान तिच्यावर हक्क सांगायला कुणी येणार नाही.

पण आली. भडगावला आमच्या गल्लीत दोंडाईच्याची एक मुलगी अकरावीसाठी राहायला आली होती. मैत्रिणीशी तिची ओळख जेमतेम चार महिन्यांची, माझी बालवाडीपासूनची. तरी एकदा कॉलेजातून परत येताना तिने मला हळूच सांगितलं, की माझी गेलेली मैत्रीण तिला दिसते. भर दुपारी, गल्लीतल्या निंबाखाली, ओले केस सोडून उभी असते. मी घाबरले नाही, माझा तिळपापड झाला. त्याच निंबाला दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधून आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहायचो. दिसायचंच होतं तर मला दिसायचं.

मग मीही रोज दुपारी निंबाखाली जाऊन बसू लागले. उन्हाने डोकं दुखायचं, बाकी काही नाही.

आखाजी आली. वर्षात गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी आमच्याकडे घागर भरतात आणि त्याच्या वयाच्या कुणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. जेवण होईपर्यंत तो बसणारा म्हणजे ते गेलेलं माणूसच. तिची ही पहिली घागर, आणि पाटावर मी बसणार यात मला शंकाच नव्हती. सकाळीच न्हाऊन, तिला आवडायचा तो पिवळा ड्रेस घालून मी ओट्यावर वाट बघत बसले. अकराच्या सुमारास तिची आई आली, माझ्या दारावरून तशीच पुढे गेली आणि दोंडाईच्याच्या मुलीला घेऊन गेली.

आयत्या बिळावर नागोबा, मी मनात म्हटलं. तरी पाय राहिले नाहीत. मैत्रिणीच्या घरापर्यंत गेले, पण आत शिरले नाही. दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आत तिची आई त्या मुलीला माझ्या मैत्रिणीच्या नावाने हाक मारून रस वाढत होती. ते नाव ऐकून मला रडू आलं आणि रागही आला.

जेवण उरकल्यावर आई तिच्या हातावर पाणी घालायला बाहेर आली. मला बघून थबकली.

"बाहेर काब्र उभी?"

मला बोलावलंच नाही, असं मी म्हणाले.

"तू घरनी पोर शे. घरनी पोरले आवतन लागस का? ती वाढस, पाटवर बसत नही."

एवढं बोलून ती आत गेली. दोंडाईच्याची मुलगी ओले हात तसेच धरून उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"ती आली होती," ती म्हणाली. "घागरीजवळ बसली होती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही तिने. माझं जेवण होईपर्यंत दाराकडेच बघत होती."

दाराबाहेर मी होते, हातभर अंतरावर, रुसून.

त्यानंतर ती त्या मुलीलाही दिसली नाही, आणि मला त्याचा आनंद झाला नाही.