मोटारीला फोन करणारे आमचे साडू

शाळेत 'विज्ञान : शाप की वरदान' या विषयावर मी दर वर्षी निबंध लिहिला आणि दर वर्षी 'वरदान' असंच ठोकून दिलं, कारण तोवर आमचे साडू मला भेटलेले नव्हते. आज कुणी तो पेपर पुन्हा समोर ठेवला तर मी त्यावर फक्त साडूंचा पत्ता लिहीन आणि पुरवणी न मागता उठेन. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. प्रयोग करायचे मास्तरांनी, फसायचे पोरांचे आणि धुवायचं साडूंनी, अशी तिथली वाटणी होती. तीस वर्षं दाबून ठेवलेला तो सगळा उत्साह निवृत्तीनंतर एकदम घरावर सुटला. नव्यानं निघालेलं कुठलंही यंत्र जुन्नरात बिघडायला प्रथम त्यांच्याकडे येतं. त्यांच्या घरातला दिवा बटणानं लागत नाही, फोननं लागतो, आणि फोनचं नेट गेलं की लागतच नाही. मग आमच्या मेव्हणीबाई, म्हणजे आक्का, मेणबत्ती लावतात आणि तिच्या उजेडात साडू माहितीपुस्तिका वाचत बसतात.

त्यांना वस्तूपेक्षा वस्तू येण्याचं वेड जास्त. पेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. तिथं रोज सकाळी येऊन ते गिऱ्हाइकाचं स्टूल अडवतात आणि फोनमध्ये डोकं घालून, जवळच्या पाहुण्यांची खबर द्यावी तसं सांगतात, "भिवंडी सोडलं, राव." मी विचारत नाही. "माळशेज चढतंय." मी तरीही विचारत नाही. एकदा असंच कुठलंसं पार्सल आळेफाट्याला पोचल्याचं फोननं सांगितलं आणि साडूंना धीर निघेना. त्यांनी मोटारसायकलला किक मारली आणि नारायणगावावरून थेट फाट्याला, पार्सलला सामोरे गेले. पार्सलची गाडी तोवर ओतूरवरून जुन्नरात येऊन पोचली, दाराला कुलूप पाहून 'घरी कुणी नाही' असा शेरा मारून परत गेली. दुपारी माझ्या दुकानात उभं राहून साडू फोनवर कुणा बाईंशी भांडत होते, "घरी नव्हतो म्हणजे काय? मी त्यालाच आणायला गेलो होतो!" पलीकडच्या बाईंनी फार गोड आवाजात, यापुढं घरी थांबत जा, असा सल्ला दिला. माझ्या आयुष्यात मी ऐकलेला हा सर्वांत शहाणा सल्ला, आणि तो वाया गेला. चार दिवसांनी पार्सल आलं. किल्ल्या हरवू नयेत म्हणून त्यांना अडकवायचं एक शिट्टी मारणारं बटण त्यात होतं. ते त्यांनी जपून ठेवलंय. कुठं, ते आठवत नाही.

मग ते घड्याळ आलं. पावलं मोजणारं. साडू स्वतः चालण्याच्या विरुद्ध आहेत, त्यामुळे दोन दिवस घड्याळ त्यांच्या मनगटावर बसून कंटाळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते आक्कांना बांधलं. आक्का बाजरीच्या भाकरी थापायला बसल्या, आणि शेवटची भाकरी तव्यावर पडायच्या आत घड्याळानं त्या तीन किलोमीटर चालल्याचं जाहीर करून त्यांचं अभिनंदन केलं. दुसरा कुणी असता तर घड्याळ परत पाठवून मोकळा झाला असता. साडू कागद-पेन्सिल घेऊन बसले. एका भाकरीची पावलं किती, रोजच्या भाकरी किती, असा हिशेब मांडून संध्याकाळी त्यांनी सांगितलं की चैत्रापासून आक्का घरबसल्या भीमाशंकरला जाऊन आल्या आहेत. आक्का तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "मंग परसाद कुठाय?"

खऱ्याखुऱ्या भीमाशंकरच्या रस्त्यालाही त्यांनी मला एकदा नेलं होतं. त्या बाजूच्या एका लग्नाला. रस्ता मला पाठ होता. साडूंनी तरी फोनमधल्या बाईला रस्ता विचारला आणि तिनं सांगितलं म्हणून डांबरी सोडून कच्च्या वाटेला गाडी घातली. मी ओरडतोय, ती बाई 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' म्हणतेय, आणि साडू माझ्यापेक्षा तिचं ऐकतायत. शेवटी गाडी एका कांदे साठवायच्या बराखीला नाक लावून उभी राहिली. फोन म्हणाला, तुम्ही पोचलात. बराखीमागून घरमालक शांतपणे पुढे आला. "या पावणं. लग्नाचं ना? तुमी आजचं तिसरं. बसा, च्या टाकलाय." साडू खरोखर बसले. तिथं त्या माणसाला त्यांनी नकाशात चूक कशी कळवायची ते शिकवलं, आणि आम्ही मांडवात पोचलो तेव्हा पंगती उठून आचारी कढया घासत होते. त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

पण या सगळ्याच्या वरताण म्हणजे त्यांची मोटार. मोटार म्हणजे गाडी नव्हे, विहिरीवरची. घोडेगावच्या पुढं साडूंचा वडिलोपार्जित मळा आहे. तिथं त्यांचे वडील तात्या एकटे राहतात. वय ऐंशीच्या पुढं, पाठ वाकलेली, पण स्वतःची भाकरी स्वतः करतात आणि मेथी, गवार, थोडा गहू असं काहीबाही पिकवतात. साडूंनी मळ्यात राहायला यायची भाषा केली की तात्या हात जोडतात. "तू हितं आलास तर चार दिसांत हिरीचं पानी बी बिघडवशील. लई उपकार व्हतील, तू जुन्नरातच ऱ्हा." तर या विहिरीवर साडूंनी फोनवर चालणारा स्टार्टर बसवला. यात नवल काही नाही, आता गावोगावी तो आहे. घरबसल्या मोटारीला फोन लावायचा, बटण दाबायचं, तिकडे पाणी सुरू. मळ्यात वीज आली की तुमच्या फोनवर निरोप, मोटार चालू झाली की निरोप, बंद झाली की निरोप. तात्यांनी मात्र त्या फोनच्या भानगडीला बोट लावलं नाही. वीज आली की ते घरातून उठतात, बांधावरून विहिरीपर्यंत चालत जातात आणि पेटीवरचं हिरवं बटण दाबतात. मग साडूंच्या त्या यंत्राचा उपयोग काय? काही नाही! माझ्या दुकानात बसून ते निरोप वाचायचे एवढाच. 'वीज आली' असा निरोप आला की साडू स्टुलाच्या कडेला सरकायचे. काही वेळानं 'मोटार चालू' आला की हसायचे आणि स्टुलावर मागे रेलायचे. मी म्हणायचो, आपल्या बापानं आपल्या हातानं मोटार चालू केल्याची बातमी तीस किलोमीटरवर बसून वाचणं याला विज्ञान म्हणत नाहीत, याला रिकामपण म्हणतात.

गेल्या साली तात्या बांधावरून घसरून पडले. हाड वाचलं, पण मनगट सुजून टम्म झालं. शेजारच्या मळ्यातल्या लोकांनी त्यांना उचलून घरात आणलं आणि फोन केला. आम्ही तिघं, साडू, आक्का आणि मी, तिथं जाऊन बसलो. तात्यांना जुन्नरला हलवायचं, हे मी जाताना एसटीतच ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याच्या बापाबद्दल निर्णय घ्यायला फारसा धीर लागत नाही, त्यामुळे बोलण्यात मीच पुढं. वय झालं, एकटा माणूस, उद्या काही झालं तर लोक तोंडात शेण घालतील, असं सगळं मी बोललो. आक्कांनी मान हलवली. साडू एकटे म्हणाले, "नको." आणि त्यांनी फोन काढला.

मला वाटलं, आता हे नवीन काहीतरी मागवणार. त्यांनी ते निरोप उघडले. वर्षभराचे, एकाखाली एक. "हे बघा राव. वीज आली आठ दहाला. मोटार चालू आठ वीसला. दहा मिनिटं. तात्यांना घरातनं विहिरीवर जायला दहा मिनिटं लागतात. हा पौषातला बघा, अठरा मिनिटं. गुडघा दुखत होता. मी शनिवारी तेल घेऊन गेलो, त्यांनी विचारलं, तुला कुणी सांगितलं? परत दहावर आले. मला जुन्नरातनं मोटार चालू करता येत न्हाई असं न्हाई. करत न्हाई मी. मी केली तर ते उठतील कशाला?" मग म्हणाले, "जोवर ते चालत जाऊन बटण दाबतायत, तोवर त्यांना इथंच राहू द्या."

इतकं नीट, इतकं थोडं आणि इतकं कामाचं साडू आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते. आणि मी, ज्यानं त्यांचं रोज नको ते ऐकून घेतलं होतं, तो नेमका तेव्हा उसळलो. "माणसाची तब्येत मोटारीवरनं बघता? लाज वाटत नाही?" साडूंनी फोन खिशात घातला. तात्या कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "भांडू नका. न्या कुठं न्यायचं त्ये."

जुन्नरात साडूंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तात्यांना काही कमी नव्हतं. आक्का हातात ताट देत होत्या. मनगटाची सूज उतरली. पण तात्या सकाळी उठून गॅलरीत बसायचे ते तिथंच बसायचे, कारण उठून जाण्यासारखं काही नव्हतं. आठ दिवसांत माणूस एवढासा झाला. दिवसातनं दोनदा-तीनदा विचारायचे, "लाईट आली का रं तिकडं?" साडू फोन बघून सांगायचे, आली. गेली. एवढंच दोघांचं बोलणं. नवव्या दिवशी मी तिथं गेलो होतो. वीज आल्याचा निरोप आला. साडूंनी काय मनात आणलं कोण जाणे, त्यांनी मोटारीला फोन लावला आणि तो तात्यांच्या हातात दिला. "दाबा तात्या. हा एकाचा आकडा." तात्यांनी अंगठ्यानं दाबला. फोनमधली बाई म्हणाली, मोटार चालू झाली आहे.

तात्या हसले. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. "बोलली की रं!" ते म्हणाले. आक्का आतून बघायला आल्या. मीही हसलो. मग तात्यांनी फोन कानापासून दूर धरला आणि विचारलं, "आता पानी कुठं चाललं आसंल?"

"मेथीत," साडू म्हणाले.

"पयला वाफा भरला आसंल. मंग? दारं कोन मोडंल?"

एक वाफा भरला की मातीचं दार फोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, एवढंच ते काम. ते वाकून, हातानं, तिथं उभं राहूनच करावं लागतं. साडूंजवळ जगातल्या प्रत्येक प्रश्नाला एखादं यंत्र असतं. त्या दिवशी मात्र त्यांनी तात्यांच्या हातून फोन घेतला, मोटार बंद केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मला माझी फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तात्यांना मळ्यात पोचवलं. पिशवी मी धरली होती. मेथी माना टाकून पडली होती, तात्या तिच्याकडे बघून म्हणाले, "व्हईल. पानी दिलं की व्हईल." परत येताना साडू खिडकीबाहेर बघत बसले होते. घोडेगाव गेल्यावर हळूच म्हणाले, "राव, त्या स्टार्टरमध्ये दोन नंबर बसतात. तुमचा घालू का? माझा फोन कधी बंद असला तर कुणाला तरी कळायला हवं."

तेव्हापासून ते निरोप माझ्याही फोनवर येतात. दुकानात गर्दी असते, वह्यांचे गठ्ठे सोडायचे असतात, आणि फोन वाजतो : वीज आली. मी घड्याळाकडे बघतो. गिऱ्हाईक विचारतं, दोनशे पानी आहे का, आणि माझं लक्ष नसतं. दुसरा निरोप आला की मगच मी फळीवरची वही काढतो. साडू तोवर स्टुलाच्या कडेला सरकलेले असतात. मग ते नवीन काहीतरी सांगायला लागतात, झाडांना ताप आलेला ओळखणारं यंत्र निघालंय म्हणे, आणि मी त्यांना पूर्वीसारखंच तोडून बोलतो. हल्ली पंचवीस मिनिटं लागतात. परवा बत्तीस लागली. ते त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.