विमानाबरोबर घुंगुरमाळ फुकट

भाचीचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात, आणि तिला मामा मी एकटाच होतो. जावळ दिल्लीत. माझ्या शाळेच्या परीक्षा आटोपून मुहूर्त गाठायचा, म्हणून दाजींनी आई, आप्पा आणि माझी विमानाची तिकिटं पाठवली. सोबत त्या स्वस्तातल्या कंपनीचं रंगीत पत्रक होतं. वारंवार प्रवास करा, गुण साठवा, पुढं एक फेरी फुकट!

घरात शिकलेला मी (म्हणजे श्रीगोंद्यात भूगोल शिकवणारा), त्यामुळे समजावणं माझ्याकडे आलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा जन्म काष्टीच्या बैलबाजारात गेलेला. तिथं बैलाबरोबर कुणी घुंगुरमाळ फुकट देऊ लागलं, की तो बैल औताला जुंपल्यावर खाली बसणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

"ह्ये इमान बसकं हाय," आप्पा म्हणाले.

मी हसलो. मग गुपचूप पत्रक पुन्हा वाचलं. मुदतीत वापरली नाही तर फुकट फेरी बुडेल, असं तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. एवढी कसली घाई? माझ्याही मनात पाल चुकचुकली.

पुण्याच्या विमानतळावर काउंटरवरच्या साहेबांपुढं आप्पांनी थेट उपरणं पसरलं. बाजारात सौदा असाच होतो, उपरण्याखाली बोटं धरून, म्हणजे भाव तिसऱ्याला कळत नाही. साहेबांना वाटलं, म्हातारबाबा आशीर्वाद देतायत. त्यांनी भक्तिभावानं हात आत घातला. आधी फुकटची फेरी द्या, पैशाची मागनं, असं म्हणत आप्पांनी त्यांचं बोट दाबलं. गोंधळलेल्या साहेबांनी मान डोलावून आप्पांची सगळीच बोटं दाबली! आप्पांनी हात झटकन काढून घेतला.

"घासाघीस न्हाई, काई न्हाई, लगीच व्हय म्हनतोय," ते माझ्या कानाशी आले. "माल खराब हाय."

आणि ते बाहेर जाऊन ट्रंकेवर बसले. आप्पांना एकटं कसं सोडायचं, मीही थांबतो, असं मी आईला सांगितलं. (खरं तर भ्यालो होतो मीच.)

"थांबा दोघं," आई म्हणाली. "मी चालले नातीकडं."

लाडवांचा डबा काखेला मारून ती गेलीसुद्धा!

आम्ही रेल्वेनं दिल्ली गाठली, तोवर मुहूर्त होऊन गेला होता. विमानात शेजारी बसलेल्या एका गृहस्थांना आईनं लाडू खाऊ घालून मानसपुत्र करून टाकलं होतं. दर आठवड्याला उडणारा माणूस, खिशात त्याच योजनेचं कार्ड. जावळ त्यांच्या मांडीवर निघालं. ऐकून मला भारी लाज वाटली.

भाची आता मोठी झालीय. त्यांना ती मामा म्हणते. मला काका!